ती हारली का?

शिजवलेल्या हळदीचा वास आला की मला शिरपूरच्या आमच्या घराची गच्ची आठवते. खाली अंगणात हळद वाळत असायची आणि वर मी नि ताई एकाच मोबाइलवर ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका, पाहत बसायचो. एका मालिकेच्या शेवटच्या भागात तलवारबाज नायिका लढाई सोडून घरी परतली आणि आमची जुंपली. "एवढं जग फिरली अन् शेवटी चुलीपुढंच बसली. हारली ती!" ताई चिडली. "काहून? माय वाट पाहून राह्यली होती ना तिची," मी म्हटलं. "तुले काहीच समजत नाही." त्याच उन्हाळ्यात ताईचं लग्न लावून दिलं, तिचं कॉलेज अर्धवटच राहिलं. दिवाळीला ती माहेरी आली, तेव्हा मी मुद्दाम तोच वाद उकरून काढला. "तुयंच बरोबर होतं," एवढंच बोलून ती भांडी घासायला उठली. मला रडूच कोसळलं. अजूनही वाटतं, तिनं भांडायला हवं होतं.