कागदाच्या कारखान्यातला थोरला

कागदाच्या कारखान्यात काही वाया जात नसे. मशीनवर कागद फाटला की तुकडे पायाखाली साचायचे. संध्याकाळी ते गोळा करून पुन्हा हौदात टाकायचे, त्यांचा लगदा व्हायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याचाच कागद निघायचा. माझ्या किश्शांचं तसंच झालं आहे. घरी सांगून सांगून त्यांचा इतक्यांदा लगदा झाला, की मुळातलं किती आणि मी नंतर घातलेली खळ किती, हे आता माझं मलाच नक्की सांगता येत नाही. तरी सांगतो. कुणाला खळ जास्त वाटली तर त्याने ती मनातल्या मनात धुऊन टाकावी.

*

विलायतेत चार वर्षं काढून मी मेकॅनिकल इंजिनीअर झालो आणि काशीला परत आलो. अण्णा, म्हणजे माझे वडील, रामघाटावर वेदपाठशाळेत शिकवत. गंगेच्या पलीकडे, वाळू ओलांडून गेलं की एक नवा कागदाचा कारखाना निघाला होता. तिथे मला नोकरी लागली.

अण्णांनी विचारलं, काम काय? मी उत्साहाने सांगू लागलो. कागद आधी ओला असतो, जरा जोर लागला तर फाटेल असा. तो दोन जाड रोलांमधून दाबून काढला की त्यातलं पाणी निघतं. ते रोल वर्षानुवर्षं टिकले पाहिजेत आणि बिघडलेच तर चटकन दुरुस्त झाले पाहिजेत. त्यांची रचना करायची, ते माझं काम.

अण्णांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग आत आईला हाक मारून म्हणाले, "अगं, ऐकलंस का? हा समुद्र ओलांडून लाटणं शिकून आला."

मला वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेलो, तर तिथे सगळेच रोलला बेलन म्हणत होते.

*

कारखान्यात माझ्या हाताखाली रामधनी मिस्त्री होता. हाताखाली म्हणायचं इतकंच. तो मला इंजिनीअर साहेब कधी म्हणाला नाही. रामघाटावरचा ब्राह्मण म्हणून 'पंडितजी' म्हणायचा, आणि त्या शब्दात आदर किती व थट्टा किती हे मला तीस वर्षांत कळलं नाही.

एकदा कागदावर ठरावीक अंतराने एक ओरखडा उमटू लागला. मशीनवर लहानमोठे वीसएक रोल होते, त्यांतला कुठला तरी खराब झाला होता. मी ऑफिसात बसून दाब, वेग, ताण यांची गणितं मांडली. तीन दिवस मांडत होतो. उत्तरं रोज वेगळी यायची.

तिसऱ्या दिवशी रामधनीने एक दोरा घेतला. कागदावर एका ओरखड्यापासून दुसऱ्यापर्यंत तो ताणून तोडला. मग तेवढाच दोरा एकेका रोलभोवती गुंडाळून पाहू लागला. सातव्या रोलवर दोऱ्याची दोन टोकं बरोबर एकमेकांना भिडली. रोल एकदा फिरला की ओरखडा एकदा उमटणार, एवढंच ते गणित होतं.

"पंडितजी," तो दोरा माझ्या हातात देत म्हणाला, "चोर अपने पाँव का निशान छोड़ गया था. आप उसकी कुंडली बना रहे थे."

तो दोरा मी बरीच वर्षं खिशात ठेवला होता.

*

मग पहिली मोठी लढाई सुरू झाली. विलायतेहून सामान येणं बंद झालं, आणि नेमका त्याच थंडीत आमचा मुख्य रोल मोडला. कागदाला वरून दाबणारा तो ओतीव लोखंडी रोल. फिरणारं टोक तुटलं आणि पडताना अंगाचा मोठा टवका उडाला. टोक अंगाबरोबरच ओतलेलं, त्यामुळे एक टोक गेलं की अख्खा रोल बाद. नवा मागवायचा तर जहाज कुठून आणायचं?

मॅनेजर साहेब स्कॉटलंडचा होता, मोजकं बोलायचा. त्याने मला बोलावून सांगितलं, होळीपर्यंत काही जमवता आलं तर पाहा. नाही तर लढाई संपेपर्यंत कारखान्याला कुलूप. कारखान्यात पलीकडच्या तीन गावांची माणसं कामाला होती. त्यांनी मला रस्त्यात नमस्कार करायला सुरुवात केली. आधी कुणी करत नसे. त्या नमस्कारांनी माझी झोप गेली.

एका सकाळी नावेची वाट पाहत घाटावर उभा होतो. मल्लाहांनी एक नाव पालथी घातली होती. तिची एक फळी कुजली होती. ते तेवढीच काढून नवी बसवत होते. बाकीच्या नावेला कुणी हातही लावत नव्हतं.

मी आलेली नाव जाऊ दिली आणि घरी येऊन कागद-पेन्सिल घेऊन बसलो. टोकं वेगळी, बोल्टांनी आवळलेली, गेलं तर टोकच बदलायचं. मोडक्या रोलच्या अंगावर साखूच्या टणक लाकडाच्या अरुंद फळ्या, नावेसारख्याच. पाण्याने फुगून त्या एकमेकींना घट्ट धरतील. एखादी झिजली तर तेवढीच काढायची.

विलायतेत शिकलो त्यातलं या आराखड्यात काय होतं, हे मी पुष्कळदा शोधून पाहिलं. बोल्टांचे आटे तेवढे होते.

*

आराखडा रामधनीला दाखवला. त्याने तो उलटा धरला, मग सुलटा धरला, आणि एकच प्रश्न विचारला. बोल्ट आवळायला पाने किती लागतील?

मी अभिमानाने सांगितलं, सहा मापांचे. ज्या जागी जेवढा जोर, तेवढा बोल्ट.

तो म्हणाला, सहापैकी पाच पाने सापडतील, आणि रोल अडेल तो सहाव्यावर. सगळे बोल्ट एकाच मापाचे ठेवा. पाना एक, आणि तोही मशीनला साखळीने बांधलेला. मी वाद घातला. पुस्तक दाखवलं. त्याने पुस्तकाला नमस्कार केला, पण माप एकच ठेवलं.

रोल तयार झाल्यावर साहेब परीक्षा घ्यायला आला. घड्याळ काढून म्हणाला, टोक बदलून दाखवा. शेजारी त्याचा चहा ठेवलेला होता. रामधनीने साखळीचा पाना उचलला आणि दोन माणसं बरोबर घेतली. जुनं टोक उतरलं, नवं चढलं, रोल फिरला. साहेबाने घड्याळाकडे पाहिलंच नाही. त्याने कप उचलून एक घोट घेतला.

"अजून गरम आहे," तो म्हणाला.

*

तरी पहिल्या दिवशी मशीन सुरू झालं तेव्हा माझ्या खिशात राजीनामा होता. रात्री लिहून ठेवला होता. रोल फुटला तर निदान पत्रासाठी धावाधाव नको.

रोल फुटला नाही. पण कागद वाळून बाहेर आला, तर त्यावर ठरावीक अंतराने मसुरीच्या डाळीएवढी एक फिकट टिकली. फळ्या बसवायला लाकडी खुंट्या मारल्या होत्या. त्यांतली एक पाण्याने जराशी वर आली होती. मी मशीन थांबवायला धावलो. रामधनी आडवा आला.

"रहने दीजिए पंडितजी. नज़र का टीका है. बिना टीके के लड़के को बाहर निकालिएगा?"

तेवढ्यात साहेब आला. त्याने कागद उजेडाकडे धरला आणि टिकलीवर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी लाकूड फुगण्याची कारणं सांगू लागलो. तो रामधनीकडे वळला. रामधनीने ती दृष्टीची तीट असल्याचं सांगितलं आणि मला त्याचं इंग्रजी करावं लागलं. आयुष्यात तेवढं अवघड इंग्रजी मी दुसरं बोललो नाही.

साहेबाने टिकलीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "आमची आया माझ्या मुलीलाही लावते. राहू द्या."

खिशातला राजीनामा घामाने ओला झाला होता. घरी येऊन तो मी दोरीवर वाळत घातला. पुढे कधी लागला तर असावा.

*

होळी आली. साहेबाची मुदत संपली, रोल चालूच होता. सुटीनंतर मशीन सुरू केलं, तर कागद गुलाबी! रामधनीने होळीच्या दिवशी गुपचूप येऊन रोलला गुलाल लावला होता. थोडाथोडका नव्हे, अंगभर.

साहेबाने तो गुलाबी कागद उचलला, तीन गावांची माणसं श्वास रोखून उभी होती, आणि त्याने मला फक्त एवढंच विचारलं, की हा रंग बाजारात खपेल का.

खपला. लग्नाच्या पत्रिकांना गेला.

*

आता थोडं घरचं. रोल सुरू झाला त्याच वर्षी आम्हाला पहिला मुलगा झाला. मी स्वभावाने काळजीखोर. घरी असलो की कानात रोलचा आवाज घुमायचा. झोपेत उठून हिला विचारायचो, खडखड ऐकू येते का? गंगा मध्ये असताना पलीकडचं काय ऐकू येणार! मुलाला गोवर आला, तेव्हाही मी कारखान्यात रोलला लाकडी दांडा टेकवून त्याला कान लावून उभा होतो. अजून आठवलं की लाज वाटते.

त्याच्या बारशाला शेजारच्या बायका आल्या होत्या. म्हणाल्या, पहिलाच मुलगा अगदी वडिलांवर गेलाय.

ही म्हणाली, "हा धाकटा. यांचा थोरला पलीकडे कारखान्यात असतो."

तेव्हापासून घरात रोलचं नाव थोरला पडलं. मुलं मोठी झाल्यावर तीही विचारायची, दादा कसा आहे?

*

आमचे स्नेही भाऊशास्त्री हे अमृतराव घाटाजवळ राहत आणि जन्मपत्रिका करत. त्या वेळी पत्रिका म्हणजे कागदाचे ताव एकाखाली एक चिकटवून केलेली लांब गुंडाळी. एका मोठ्या यजमानाची पत्रिका त्यांनी अशीच केली होती. पावसाळ्यात तिची खळ सुटली. यजमानाने गुंडाळी उलगडली, तर चाळिसाव्या वर्षापर्यंतचं आयुष्य हातात राहिलं आणि पुढचं जमिनीवर पडलं. यजमान त्या वेळी एकोणचाळीसचे होते. अंथरुणच धरलं त्यांनी.

शास्त्रीबुवा तडक माझ्याकडे आले. म्हणाले, तुमच्या मशीनवर सलग कागद निघतो ना? तेव्हापासून कारखान्यातून त्यांना बिनजोडाचा लांब पट्टा जाऊ लागला. यजमान नवी पत्रिका उशाशी घेऊन दोन दिवसांत उठून बसले.

*

मी निवृत्त झालो त्यालाही आता सहा वर्षं झाली. रामधनी माझ्या आधीच गेला. कारखान्यात नवे लोक आले, गुडघ्यांमुळे मला नावेत चढवत नाही, आणि थोरल्याची खबर कुणी देईना. काढून टाकला असेल, असं धरून चाललो होतो. विचारायचं धाडस होत नव्हतं.

पहिल्या दिवशीच्या कागदाची एक पट्टी मी कापून ठेवली होती, दोन टिकल्यांची. दर होळीला नवी पट्टी कापून मी तिच्याशी ताडून पाहायचो. रोल झिजला तर टिकल्या जवळ येणार. रामधनीच्या दोऱ्याचंच गणित. ती पट्टी अण्णांच्या पोथ्यांच्या रुमालात असते.

गेल्या महिन्यात नातू झाला. भाऊशास्त्री आता फार थकलेत, पण स्वतः पत्रिका घेऊन आले. सगळे बसले. शास्त्रीबुवांनी गुंडाळी उलगडली. कागद कोराकरकरीत, या वर्षीचाच, कारखान्यातून मागवलेला. ते ग्रह सांगू लागले. सूनबाई पदर सावरून ऐकत होती.

मला कागदावर एक फिकट टिकली दिसली.

मी उठलो. रुमाल सोडला, पट्टी आणली, गुडघे टेकले आणि ती पत्रिकेवर अंथरली. पहिल्यांदा तिरकी पडली, म्हणून दोनदा अंथरली. शास्त्रीबुवा वाचायचे थांबले. एक टिकली टिकलीवर बसली. दुसरी मोहरीएवढी सरकलेली होती, पण तेवढा कागद हवेनेही आकसतो. मी पुन्हा पाहिलं.

"झिजला नाही," मी म्हणालो.

सूनबाईने घाबरून बाळाला जवळ घेतलं. शास्त्रीबुवा चष्मा पुसू लागले. ही आतून पेढ्यांचं ताट घेऊन येत होती. तिने पट्टीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ताट सूनबाईच्या पुढे ठेवलं.

"घाबरू नकोस गं," ती म्हणाली. "थोरला बरा आहे म्हणतायत."