पालींची भीती

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. आईला एकदा सांगणार होते, शब्द ओठांवर आले होते, पण तिनं मध्येच चहा मागितला आणि ते राहून गेलं. आता आई नाही. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच बहुधा. ओळखीच्या माणसांत माझं नाव फार चांगलं आहे, आणि ते चांगलं ठेवता ठेवता मी दमून गेले आहे.

दिल्लीतल्या एका विद्यापीठात मी नोकरी करते. शिकवत नाही. शिकवणाऱ्यांच्या आणि शिकणाऱ्यांच्या मागची जी सगळी यातायात असते — प्रवेश, परीक्षा, पगार, फायली — ती ओढणाऱ्यांपैकी मी एक. आणि गेली काही वर्षं या ओढणाऱ्यांना 'घडवण्याचं' काम माझ्याकडे आहे. स्टाफ ट्रेनिंग म्हणतात त्याला. सेक्शन ऑफिसर, असिस्टंट, नुकते रुजू झालेले क्लार्क, कधीमधी एखाद्या कॉलेजचे प्रिन्सिपॉलही माझ्यासमोर खुर्च्यांचा गोल करून बसतात. समोसे येतात, चहा येतो, प्रोजेक्टर चालत नाही. मग मी उभी राहते आणि माझं ठरलेलं पहिलं वाक्य म्हणते. "यहाँ जो बात होगी, यहीं रहेगी."

हे वाक्य म्हणताना माझा आवाज कापत नाही. कापायला हवा, नाही का?

सांगायचं आहे ते मुलाणींबद्दल. शकील मुलाणी, मूळचे बार्शीचे. मी लग्न होऊन दिल्लीला आले, नवरा केंद्र सरकारच्या एका खात्यात, राहायला लक्ष्मीबाई नगरचं क्वार्टर. शेजारी एक बंगाली, एक तमिळ, वरच्या मजल्यावर बिहारचे कुणीतरी. घराचा उंबरा ओलांडला की हिंदी सुरू. ऑफिसात मराठी बोलता येईल असं एकच माणूस होतं, ते हे. मी प्रवेश विभागात, ते परीक्षा विभागात. वयानं माझ्याहून मोठे, तरी मला ताई म्हणायचे. जेवणाच्या सुट्टीत त्यांची शेंगाची चटणी आणि माझं थालीपीठ यांची अदलाबदल व्हायची. माझी लेक 'आई, मी थकून गेली' असं म्हणायची, त्यावरून ते मला चिडवायचे, तुमची पोरगी मराठी बोलते की हिंदीला मराठी झबलं घालते?

आई दिल्लीत असताना एकदा आजारी पडली. नवरा दौऱ्यावर. तेव्हा हॉस्पिटलच्या बाकड्यावर माझ्या शेजारी मुलाणी बसले होते. सख्खा भाऊ बसला नसता असे बसले होते.

पाहा, मी अजून मुद्द्यावर येत नाही. येते.

त्या वर्षी परीक्षा विभागात असिस्टंट रजिस्ट्रारची जागा निघणार होती. तिच्यासाठी आमच्यातले दोघंच पात्र होते, मुलाणी आणि मी. खरं तर ती जागा त्यांची होती. त्यांची अख्खी नोकरी परीक्षा विभागात गेलेली, आणि निकाल लागला की मुलं नाव घेऊन त्यांनाच शोधत यायची. मी आपली पात्र होते, एवढंच. मला ती हवी होती का? हो. फार हवी होती. इतकी, की स्वतःशीसुद्धा कबूल करायला लाज वाटावी.

आमच्याकडे ट्रेनिंगला कुणाला पाठवतात माहीत आहे? ज्याच्यावाचून काम अडत नाही त्याला. पण त्या वेळी रजिस्ट्रारसाहेबांनी नावं स्वतः काढली होती, आणि त्यात आम्ही दोघंही होतो. म्हणजे जागेसाठी माणसं चाचपणं चाललं होतं, हे सगळ्यांना कळत होतं. हरियाणात अरवलीच्या टेकड्यांकडे एक ट्रेनिंग सेंटर होतं. थंडीचे दिवस, हिरवळीवर ऊन, उन्हात मांडलेल्या खुर्च्या. बाहेरून बोलावलेले एक हसरे ट्रेनर होते. त्यांनी लाल लोकरीचा एक गुंडा आणला होता. ज्याच्या हातात गुंडा, त्यानं आपली एक खरी भीती सांगायची, धागा बोटाला गुंडाळायचा आणि गुंडा पुढच्याकडे फेकायचा. शेवटी सगळ्यांमध्ये जाळं विणलं जातं, मग ट्रेनर म्हणतात, बघा, आपण सगळे कसे जोडलेले आहोत. आणि सुरुवातीला त्यांनी ते वाक्य म्हटलं होतं. इथली बात इथेच राहील. ते वाक्य माझं नाही, त्यांचं आहे. तेही मी उचललेलंच.

गुंडा माझ्याकडे आला तेव्हा मी म्हटलं, मला पालींची भीती वाटते. सगळे हसले. खोटं होतं ते. आमच्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात पाली मुक्कामालाच असायच्या, आणि मी त्यांना झाडूनं हाकलायचे. खुर्चीवर चढायचा तो माझा नवरा. माझी खरी भीती वेगळी होती. आपण जन्मभर दुसऱ्याच्या सहीसाठी फाईल छातीशी धरून कॉरिडॉरमध्ये उभ्या राहणार, ही. ती मी कशाला सांगते? हातचं राखून बोलायची सवय मला लहानपणापासून आहे.

मुलाणींनी मात्र खरं सांगितलं.

बायकोशिवाय हे कुणाला ठाऊक नाही, असं म्हणून त्यांनी सुरुवात केली. निकालाच्या दिवसांत मुलं टेबलाभोवती दाटी करतात, मागून कुणीतरी ओरडतं, आणि त्यांच्या छातीत कुणीतरी मूठ आवळल्यासारखं होतं. हात थरथरतात. मग ते उठतात, रेकॉर्ड रूममध्ये जातात, दार लोटून घेऊन थोडा वेळ बसतात, पाणी पितात. आणि परत येतात. काउंटर आजवर कधी बंद ठेवला नाही, एकाही मुलाला उद्या ये म्हणून परत धाडलं नाही, असंही ते म्हणाले. हा दुसरा भाग लक्षात असू द्या. माझ्याही तो चांगला लक्षात होता.

नंतर उन्हात चहा पिताना ते मला मराठीत म्हणाले, "ताई, लय हलकं वाटलं बघा." मी म्हटलं, बरं केलंत बोललात ते.

परत आल्यावर काही दिवसांनी रजिस्ट्रारसाहेबांनी मला चहाला बोलावलं. मुलाणींचं काम कसं आहे, तुम्ही एकाच मुलखातले, तुम्हाला जास्त माहीत, असं सहज विचारल्यासारखं विचारलं. सहज काहीच नव्हतं. त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

मी म्हटलं, "काम में तो बहुत अच्छे हैं सर. बस, भीड़ हो तो घबरा जाते हैं. उठकर चले जाते हैं. उनकी सेहत के लिए कह रही हूँ."

एवढंच. उठून जातात, इथे मी थांबले. परत येतात, हे म्हटलं नाही. तेवढं म्हणायला कितीसा श्वास लागला असता? साहेबांनी बिस्किटांची बशी पुढे केली आणि मी एक बिस्कीट घेतलं. त्याची चव मला अजून आठवते, वेलदोड्याची होती.

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं झालं असतं तर मी स्वतःला सोडून दिलं असतं. तसं नव्हतं. जिना चढतानाच मी वाक्य जुळवलं होतं. 'सेहत' हा शब्दसुद्धा तिथेच शोधला होता. त्या संध्याकाळी मेट्रोत उभी असताना माझ्या मनात म्हण आली — सुंठीवाचून खोकला गेला. हो, हीच. आणि मला बरं वाटलं होतं. हे लिहायला सगळ्यात जड जातं आहे. वाईट वाटलं नव्हतं. चांगली झोप लागली होती.

जागा मला मिळाली. मुलाणींची बदली स्टोअरमध्ये झाली. कागद, शाई, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, तुटक्या खुर्च्या. साहेबांनी त्यांना बोलावून अगदी मायेनं सांगितलं म्हणे, आपके लिए शांत सेक्शन देखा है. तेवढ्यावरून त्यांना कळलं, की कुणीतरी बोललं आहे.

ते पेढे घेऊन माझ्या नव्या खोलीत आले. पेढे माझ्यासाठी, त्यांनी आणलेले. आपला माणूस वर गेला म्हणाले, आणि तोंड भरून म्हणाले. मग खुर्चीत बसून म्हणाले, "त्या ट्रेनरनं रिपोर्टात घातलं वाटतं ताई. बाहेरचा माणूस, त्याला काय त्याचं."

इथे मला दुसरी संधी होती. मी काय म्हटलं?

"असू शकतं," म्हटलं.

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच असावं. पहिल्यांदा कापला तेव्हा निदान त्यांची पाठ होती. दुसऱ्यांदा ते समोर बसले होते, आणि माझ्या तोंडात त्यांचाच पेढा होता.

त्या ट्रेनरना पुन्हा कधी बोलावलं गेलं नाही. हे काम घरातल्याच कुणीतरी करावं असं नंतर वर ठरलं, आणि ते घरातलं कुणीतरी म्हणजे मी निघाले. मुलाणींना फार आनंद झाला. आपल्या माणसाकडं आलं म्हणजे आता काळजी नाही, असं ते स्टोअरमध्ये सगळ्यांना सांगत होते.

परीक्षा विभागातलं माझं पहिलं निकालाचं वर्षही सांगून टाकते. मुलं टेबलाभोवती जमली, आरडाओरडा झाला, एका मुलीनं रडत माझा हात धरला. मी गार्ड बोलावला आणि काउंटर बंद करून टाकला. दुसऱ्या दिवशीही बंदच ठेवला. मला कुणी काही विचारलं नाही. मी घाबरले असं कुणी म्हटलं नाही. कडक मॅडम आहेत, असं म्हणाले.

स्टोअरमध्ये मुलाणी हळूहळू कमी बोलायला लागले. शेंगाची चटणी आणायचे, पण डबा पाठवून द्यायचे, स्वतः यायचे नाहीत. गुडघे दुखतात म्हणायचे. गुडघे दुखतही असतील. मी ताई होते ती ताईच राहिले, आणि ईदला त्यांच्या घरी शिरखुर्मा खात राहिले. त्यांची बायको मला आग्रहानं दुसरी वाटी वाढायची, आणि मी ती संपवायचे.

हे का केलं, याची कारणं मला देता येतील. बाईमाणूस, परका मुलूख, वर जायची दुसरी वाट नव्हती. ट्रेनिंगमध्ये आम्ही हेच शिकवतो, वागण्यामागचं कारण शोधा. मी शोधलं, सापडलंही. त्यानं काही फरक पडत नाही. मला जागा हवी होती आणि एका माणसानं विश्वासानं सांगितलेली गोष्ट माझ्याकडे होती. मी ती अर्धी मोडून वापरली.

आता गेल्या महिन्यातलं. नवं फर्मान निघालं, की निवृत्त होणाऱ्यांनीही जाण्याआधी एक ट्रेनिंग केलेलं असावं. कशासाठी, ते विचारू नका. स्टोअरनं मुलाणींचं नाव पाठवलं. त्यांच्यावाचून काम अडत नव्हतं.

ते माझ्या गोलात समोरच बसले. केस पांढरे, हातात जुनी डायरी. मी नेहमीचं वाक्य म्हटलं आणि गुंडा फिरायला लागला. मी लाल लोकरच वापरते, का कोण जाणे. गुंडा एका नव्या मुलीकडे गेला. नुकतीच रुजू झालेली, बोटाला धागा गुंडाळून खाली बघत बसली होती. बोलेचना. मी काही म्हणणार तेवढ्यात मुलाणी तिच्याकडे वळले.

"बोल दे बेटा. मैंने भी एक बार बोला था, तब बाहर के आदमी ने बात फैला दी. पर ये हमारी ताई हैं. इनके पेट से बात बाहर नहीं आती."

मुलगी माझ्याकडे बघून हसली आणि बोलली. ती काय बोलली ते मी इथे लिहिणार नाही. तेवढं तरी.

मग तिनं गुंडा मुलाणींकडे फेकला. ते म्हणाले, आता भीती एकच, रिटायर झाल्यावर दिल्लीत राहायचं की बार्शीला जायचं, दोन्हीकडे आपण पाहुणेच. हे बोलताना ते हसत होते. धागा त्यांनी बोटाला गुंडाळला, नीट, सावकाश, आणि गुंडा माझ्याकडे टाकला. "ताई, अब आप."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी मराठीत बोलले असते तर त्या खोलीत फक्त एकाच माणसाला कळलं असतं. इतकी सोपी वेळ मला पुन्हा मिळणार नव्हती, आणि हे मला त्याच क्षणी कळत होतं.

मी म्हटलं, "मुझे छिपकलियों से डर लगता है."

सगळे हसले. मुलाणी सगळ्यांत जास्त हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"अजून?" त्यांनी मराठीत विचारलं.

"अजून," मी म्हटलं, आणि गुंडा पुढच्याकडे फेकला.