घंटेच्या आधी उमटलेली खूण

"तुमचे वडील घंटा वाजायच्या आधीच ऐकतात का?" माझ्या सरांनी कागदावरची नजर न हलवता विचारलं.

सर गिरगावातले. धोतराची आणि वाक्याची घडी त्यांनी कधी मोडू दिली नाही. त्यांनी आवाज चढवला असता तर परवडलं असतं, मीही चढवला असता. पण ते इतकं हळू विचारत की माझ्यासारख्या तापट मुलीचीही बोबडी वळे.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे ते दिवस. परळच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात मी एम.एस्सी. करत होते. लालबागच्या चाळीतून रोज चालत जायचं आणि चालत यायचं. पहिलं वर्ष बेडकांच्या पायांत गेलं. त्या वर्षभर आईने मला अंघोळ केल्याशिवाय चुलीजवळ फिरकू दिलं नाही. मग सरांनी मला बेडकांवरून बढती देऊन माणसांवर आणलं. विषय असा: कानाने ऐकल्यापासून बोट हलेपर्यंत किती वेळ जातो.

यंत्र साधं होतं. पितळी ढोलावर कागद गुंडाळायचा, तो रॉकेलच्या ज्योतीवर धरून काजळीने काळा करायचा आणि ढोल फिरवायचा. मी माझं बटण दाबलं की घंटा वाजे आणि काजळीत एक पांढरी खूण उमटे. समोरच्याने घंटा ऐकून त्याचं बटण दाबलं की दुसरी खूण उमटे. दोन खुणांमधलं अंतर मोजायचं, एवढंच काम. दिवसभरात ती काजळी कागदापेक्षा माझ्या कपाळावरच जास्त जमा होई.

सरांचा होरा असा, की गिरणीत साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात जन्म काढलेल्या विणकरांचं बोट इतरांपेक्षा उशिरा हलेल. त्यासाठी दहा विणकर हवे होते. मुदत संपत आली होती आणि दहा जमले नाहीत तर पदवीवर पाणी सोडावं लागणार होतं. मी घरी चिडचिड केली, ताट सरकवलं, असल्या शिक्षणापेक्षा पापड लाटलेले बरे, असंही म्हणून घेतलं. बाबा स्वतः विणकर. रविवारी सकाळी नऊ साथीदार घेऊन महाविद्यालयात हजर झाले, दहावे आपण. सगळे धुतलेले सदरे घालून, तेल लावून, मुलगी बघायला आल्यासारखे.

निकाल बघून मी हरखले. दहाही जण आधी मोजलेल्या डॉक्टरीच्या पोरांपेक्षा चपळ निघाले. बाबा तर सर्वांवर ताण. काही ठिकाणी त्यांची खूण माझ्या खुणेच्या अलीकडे होती, तिकडे मी कौतुकाच्या भरात पाहिलंच नाही. सरांनी पाहिलं.

"पुढच्या रविवारी पुन्हा," ते म्हणाले. "माझ्यासमोर."

पुढच्या रविवारी बाबा खिडकीकडे पाठ करून खुर्चीत बसले, बोट बटणावर. बाकीचे नऊ बाकावर. सर माझ्या बाजूला हाताची घडी घालून उभे. आम्ही सुरुवात केली आणि खालून मोर्चा आला. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..." नऊच्या नऊ विणकर खिडकीकडे धावले, विभागाचा शिपाईही धावला, आणि "झालाच पाहिजे"ने तावदानं थरथरली. सरांचेही ओठ हलले, मग त्यांनी खोकल्यासारखं केलं. त्या गदारोळात माझी घंटा मलाच ऐकू येत नव्हती. तरी सवयीने मी बटण दाबत होते, आणि बाबांची खूण दर वेळी बिनचूक पडत होती. ते एकदाही मागे वळले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते.

मी बटण दाबायचं थांबवलं.

मोर्चा गेला, खोली शांत झाली. मी ढोलामागे वाकून तोंड लपवलं आणि तीनदा घंटा वाजवली. बाबा स्वस्थ बसून राहिले. मग मी ताठ झाले, बटणाला हात न लावता नुसती भुवई उचलली. बाबांनी टक्कन बटण दाबलं.

कानांवर प्रबंध लिहायला निघालेली मी, आणि घरातले बहिरे कान मला दिसले नव्हते. मला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो.

"बाबा, तुम्ही फसवलंत मला."

"तुका दहा होये होते," बाबा म्हणाले. "तुझी भुवय आधी हलता गो, बोट मगे. त्यात कपाळाक काजळ. लांबसून दिसता."

"आणि हे नऊ?"

"त्यांका दारातच सांगलंय, घंटेची वाट बघू नकात, माझ्या चेडवाची भुवय बघा. साच्यावर आमी तसाच बोलतंव. भैरे असू, आंधळे नाय."

नऊ जणांनी माना डोलावल्या. मी सरांकडे वळले आणि सगळं होतं तसं सांगून टाकलं. आता कागद फाडतील, मला पापड लाटायला पाठवतील, असं धरून चालले होते. सरांनी बाबांना उठवलं, स्वतः खुर्चीत बसले आणि म्हणाले, "करा." मी वीसेक वेळा भुवई उचलली. बाबांच्या निम्म्यानेही त्यांना जमलं नाही.

"विषयातला कान खोडा," ते उठत म्हणाले. "डोळा लिहा. आणि ही दहा माणसं सोडू नका."

घरी निघालो. बाबा पुढे, मी मागे, नेहमीसारखी धुसफुसत. अर्ध्या वाटेत लक्षात आलं, की मागून केलेली माझी धुसफूस इतकी वर्षं वायाच गेली होती. मी पुढे झाले आणि त्यांच्याकडे तोंड करून उलटी चालू लागले.

"कधीपासून?"

"तुझ्या मॅट्रिकच्या आधीपासून. निकाल तू दारातसून आराडलंस. माका तुझ्या तोंडार दिसलो."

मला रडू आलं. ते लपवायला मी आणखी रागावले, आईला का नाही सांगितलंत, डॉक्टरला का नाही दाखवलंत, असं तावातावाने उलटं चालत विचारत राहिले. तेवढ्यात बाबांची भुवई वर गेली. मी जागच्या जागी थांबले. मग वळून पाहिलं. माझ्या पाठीला हातभर अंतरावर केळ्यांची हातगाडी उभी होती.