बागेची मात्रा

रुग्णालयामागच्या पडीक जागेत बाग करायची आणि डॉक्टरांनी ती गोळ्यांसारखी केस पेपरवर लिहून द्यायची, हे खूळ इन्चार्ज सिस्टरचं. साहेबांचे उंबरठे झिजवून तिने ते मंजूर करून घेतलं, तेव्हा बाकीच्या नर्सेस तिला ‘माळीणबाई’ म्हणून चिडवायच्या. पण पाठीचं ऑपरेशन झालेले आजोबा वाफे भिजवू लागले, कुणाशी न बोलणारी एक बाई टोमॅटोच्या रोपाशी भांडू लागली, आणि मोठे डॉक्टर पाहुण्यांना ‘आमची बाग’ म्हणून मिरवू लागले. मग चिडवणं थांबलं.

औषधांच्या बाबतीत सिस्टर महाखाष्ट. इंजेक्शनची बाटली दोनदा वाचल्याशिवाय टोचायची नाही. प्रत्येक औषधाला अपाय असतो, हे नव्या मुलींच्या डोक्यात तिनेच ठोकून बसवलेलं. बागेपुरतं मात्र ती ते साफ विसरली.

त्याच सुमारास तिचा धाकटा भाऊ रक्ताच्या आजाराने वरच्या मजल्यावर दाखल झाला. उपचारांनी त्याच्या पांढऱ्या पेशी पार घसरल्या होत्या. अशा पेशंटने बाग काचेतूनच पाहायची, असा नियम होता.

“ताई, तुझी बाग सगळ्यांना. मीच तेवढा सावत्र का गं?”

ते तिच्या जिव्हारी लागलं. कुणाला न विचारता, त्याला मास्क लावून, तिने व्हीलचेअरवरून खाली नेलं. मातीने कुणाचं काय वाईट होणार, असं ती लिफ्टमध्ये स्वतःलाच समजावत होती.

कुजलेल्या पाल्याचं खत नुकतंच उपसलेलं होतं. भावाने मास्क हनुवटीखाली ओढला आणि दोन्ही हातांनी ते वाफ्यात कालवलं. धुरळा उडाला. तो हसत होता, कितीतरी दिवसांनी. मास्क वर घे, हे तिच्या ओठांवर आलं होतं, पण त्याच्या हसण्यापुढे तिला ते बोलवेना.

खोकला सुरू झाला तेव्हा तिने एसीला दोष दिला. ताप चढला, तेव्हाही ती गप्पच राहिली. एकामागून एक औषधं वाया गेली. एक्स-रेत छातीवर डाग दिसले, तेव्हा डॉक्टरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

“सिस्टर, हा खोलीबाहेर कुठे गेला होता का?”

हो म्हटलं तर बागेला कुलूप आणि नोकरीवर गदा. नाही म्हटलं तर डॉक्टर अंधारात चाचपडत राहणार, आणि भाऊ हातचा जाणार.

“बागेत गेला होता. खतात हात घातले. मीच नेलं होतं.”

“अहो, बुरशी असणार ही!” डॉक्टरांनी फोन उचलला. “खोकला लागला तेव्हाच का नाही बोललात?”

नवं औषध संध्याकाळी सुरू झालं. भावाची छाती घरघरत होती. खिडकीखाली वॉचमन बागेच्या फाटकाला साखळी घालत होता.

“ताई, बरं वाटलं की परत नेशील ना मला?”

“नेईन हं,” ती म्हणाली. तिने ऑक्सिजन वाढवला आणि ती मशीनवरच्या आकड्याकडे बघत उभी राहिली. आकडा वर आला नाही.