मौनाच्या फेरीत हरवलेला रायन

सुरुवातीलाच वाचकांची क्षमा मागतो. आपल्या चर्चच्या मासिकाच्या या पानावर आजवर वडीलधाऱ्या माणसांनी, धर्मगुरूंनी, आयुष्यभर न चुकता रोझरी म्हटलेल्या आज्यांनी आपले अनुभव लिहिले आहेत. त्यांच्या रांगेत बसण्याची माझी लायकी नाही. मी एकोणीस वर्षांचा आहे. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमचं घर पाचूबंदरला, घरात सगळे मासेमारीवर जगणारे, आणि कॉलेजला गेलेला मी पहिलाच. माझं लिहिणं म्हणजे प्रयोगवहीपुरतं. पण मुलांचं शिबिर चालवणाऱ्या सिस्टर म्हणाल्या, "चुकलास ते जसंच्या तसं लिही. शोभा आणू नकोस." म्हणून लिहितो आहे.

दुसरीही एक गोष्ट आधीच कबूल करतो. मे महिन्यातल्या मुलांच्या शिबिराला मी गेलो तो श्रद्धेने गेलो नव्हतो. कॉलेजला गेल्यापासून माझं मन चर्चमध्ये लागत नव्हतं. आईला वाईट वाटू नये म्हणून रविवारी चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला उभा राहायचो. प्रार्थना करायचो ती परीक्षेच्या आदल्या दिवशी, आणि तीही व्यवहारासारखी: तू हे कर, मग मी ते करीन. सिस्टरनी मला शाळेत शिकवलं होतं, त्यांना नाही म्हणता आलं नाही, एवढ्यावरच मी राजोडीच्या किनाऱ्याअलीकडच्या एका शाळेत शिबिराचा, म्हणजे मुलं सांभाळणारा, दादा म्हणून हजर झालो.

शिबिर सात दिवसांचं असतं. सकाळी पटांगणातल्या मांडवात प्रार्थना, मग हातवारे करत म्हणायची गाणी, बायबलमधल्या गोष्टींची नाटकं, दुपारी जेवण. जेवण गावातल्या आया पाळीपाळीने करतात. आजूबाजूच्या वाड्यांमधली हिंदू घरांतली मुलंही येतात आणि गाणी आमच्या मुलांपेक्षा मोठ्याने म्हणतात. मुलांचे चार गट, चार रंगांचे. मला निळा गट मिळाला. मुलं दहा. पहिल्याच दिवशी लाल गटातला एक मुलगा मला म्हणाला, "दादा, तुम्ही निळ्यांचे? मग घरून घासणीच घेऊन या."

त्याचं कारण असं. चौथ्या दिवशी शिबिरात मौनाची फेरी असते. फार जुनी प्रथा आहे. प्रत्येक मूल हातात एक फूल घेतं आणि गटागटाने सगळे वाड्यांमधल्या वाटेने निघतात. वाटेत तीन क्रूस लागतात. दोन क्रूसांपाशी थांबून मनातल्या मनात प्रार्थना करायची, तिसऱ्यापाशी फूल वाहायचं आणि परतायचं. शाळेची घंटा होईपर्यंत कोणी चकार शब्द काढायचा नाही. जो गट बोलेल त्याने त्या दिवशी सगळ्यांची भांडी घासायची. निळा गट लागोपाठ दोन वर्षं भांडी घासत होता.

मला ते मनाला लागलं. निघण्याआधी मी मुलांना गोल बसवलं आणि मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "कोणीही काहीही विचारू दे, तोंड उघडायचं नाही. सिस्टरनी विचारलं तरी नाही. फादरांनी विचारलं तरी नाही. आईने विचारलं तरी नाही. घंटा होईपर्यंत निळा गट मुका."

सियोना नावाची एक चुणचुणीत मुलगी आहे. तिने विचारलं, "मुंगळा चावला तर?"

"तरी नाही."

"दादा, आणि सू लागली तर?"

"तेवढं हाताने सांगायचं."

सगळे हसले. रायन हसला नाही. तो आठ वर्षांचा, नुकताच तिसरी पास झालेला, अंगाने किरकोळ. त्याने फक्त मान डोलावली, जशी मोठी माणसं एखादा करार मान्य करताना डोलावतात.

फेरी छान चालली होती. मी पुढे, मुलं एकामागे एक, सियोना शेवटून दुसरी आणि शेवटी रायन. दुसऱ्या क्रूसापासून थोडं पुढे गेल्यावर सियोना धावत पुढे आली आणि माझा शर्ट ओढू लागली. ती मागे बोट दाखवत होती, डोळे मोठे करत होती. मला वाटलं, हिला बोलण्याची घाई झाली आहे. पुढे वळणावर लाल गटाचा दादा उभा होता, त्याच्यासमोर आपली फजिती नको. मी ओठांवर बोट ठेवलं आणि तिला तिच्या जागी परत पाठवलं. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. या सगळ्या लेखात मला सगळ्यात जड जाणारं वाक्य हेच आहे.

तिसऱ्या क्रूसाला फुलं वाहून शाळेत पोहोचलो, घंटा झाली, सगळ्या पटांगणात एकच आरडाओरडा झाला. निळा गट जिंकला होता. त्या गोंधळात सियोना रडत किंचाळली, "दादा, रायन मागे गेला! त्याचं फूल पडलं म्हणून मागे गेला! मी तुम्हाला दाखवत होते!"

मी मुलं मोजली. नऊ होती.

सिस्टर ओरडल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "तिसऱ्या क्रूसापाशी मोजली होतीस?" मी नाही म्हटलं. त्यांनी सगळ्या दादा-ताईंना शोधायला एकेक वाट नेमून दिली. रायनच्या आईला फोन लावला. ती एका दवाखान्यात काम करते, कामाच्या वेळी फोन कपाटात असतो, तिने उचलला नाही. "तू लावत राहा," सिस्टर मला म्हणाल्या, "मी शाळेत थांबते, तो आपणहून आला तर कोणीतरी हवं." मी हो म्हणून निघालो खरा, पण फोन लावण्याची हिंमत मला झाली नाही. काय सांगणार होतो?

वाड्यांमधल्या वाटा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना कल्पना येईल. दोन्ही बाजूंना कुंपणं, केळी, नारळ, आणि दर शंभर पावलांवर एक फाटा, सगळे सारखे दिसणारे. आम्ही नावाने हाका मारत फिरलो. "रायन! ए रायन!" ओ आली नाही. तासभर गेला. सुरुवातीला मी हाका मारायचो आणि उत्तराची वाट पाहायचो. मग एका क्षणी माझ्या लक्षात आलं की उत्तर येणारच नाही. तो कुंपणापलीकडे उभा असला तरी ओ देणार नाही. घंटा त्याने ऐकलेली नाही. मीच त्याला सांगितलं होतं.

त्यानंतर मी हाका मारणं सोडलं आणि डोळ्यांनी शोधू लागलो. असा शोधत एका बावखलापाशी आलो. बावखल म्हणजे आमच्याकडे वाड्यांना पाणी देणारं जुनं तळं. काठावर चाफ्याचं झाड होतं आणि पाण्यावर पाच-सहा पांढरी फुलं तरंगत होती. रायनच्या हातात पांढरा चाफाच होता.

मी चप्पल न काढता पाण्यात उतरलो. मी कोळ्याचा मुलगा, पाण्याची भीती मला नाही. पण त्या पाण्यात पायाने तळ चाचपताना जी भीती वाटली ती मला लिहिता येत नाही. चिखलात पायाला काहीतरी लागलं. ती नारळाची झावळी होती. पुन्हा काहीतरी लागलं. तीही झावळीच.

वाडीचे मालक पाण्याचा आवाज ऐकून आले. साठीचे गृहस्थ, गळ्यात तुळशीची माळ, हातात विळा. "कोन रे तू? काय पडला?"

मी सांगितलं.

"तुजा कोन लागतो?"

"माझ्या गटातला आहे."

 त्यांनी विळा ठेवला, सदरा काढून चाफ्याच्या फांदीवर टाकला आणि एक लांब बांबू घेऊन ते पाण्यात उतरले. "तू वर ये आदी," ते म्हणाले. "तुला शोधत बसू का त्याला? वर ये, बस. हे पानी माज्या बापाने खनलंय, याचा तळ मला ठाऊक हाय."

मी काठावर बसलो. ते एका टोकापासून ओळीने, जमीन नांगरावी तसे, बांबूने तळ चाचपत पुढे सरकत होते. मी पाहत होतो आणि माझ्या करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

तिथे मी प्रार्थना केली. एरवीसारख्या अटी घालायला गेलो. त्याला वाचव, मी रोज मिस्साला जाईन, असं म्हणायला गेलो आणि माझीच मला लाज वाटली. मुलाच्या जिवाच्या बदल्यात मी काय देऊ करत होतो? मग एवढंच म्हटलं, "प्रभू, हा मुलगा तुझा आहे. तू माझ्या हाती दिलास आणि मी मागे वळून पाहिलं नाही. आता तूच बघ." कसला आवाज आला नाही, प्रकाश दिसला नाही.  पण तासभर जे टाळत होतो ते करायचं मी ठरवलं. शर्टाच्या खिशातून फोन काढून रायनच्या आईला लावला.

तो व्यस्त लागला. पुन्हा लावला. पुन्हा व्यस्त.

पुढे जे घडलं त्यात चमत्कार होता असं माझं म्हणणं नाही. मी विज्ञानाचा विद्यार्थी आहे आणि योगायोग कसे घडतात ते थोडंफार शिकतो आहे. पण त्या काठावर बसून मला जे कळलं ते कुठल्या पुस्तकातून कळलं नसतं. तोवर मला वाटायचं की देवावर सोडणं म्हणजे हात झटकणं. त्या दिवशी समजलं की आधी चूक पूर्ण आपली म्हणून हातात घ्यावी लागते, तेव्हाच ती त्याच्या हाती देता येते. आणि तो तिची काळजी कोणाच्या हाताने घेईल ते आपण ठरवायचं नसतं. आमच्या चर्चमध्ये कधी पाऊल न ठेवलेला एक माणूस तेव्हा कमरेइतक्या पाण्यात उभा होता आणि नाव-गाव न विचारता आमचं मूल शोधत होता. दुसरा एक माणूस त्याच वेळी राजोडीच्या किनाऱ्यावर होता, पण ते मला अजून माहीत नव्हतं. या दोघांचा मी जन्माचा ऋणी आहे. पुढचं सांगतो आणि थांबतो.

फोन वाजला. रायनची आई होती. ती हुंदके देत होती आणि त्यातच रागावलेली होती.

"सापडला रे. राजोडीला बीचवर सापडला. पण माझ्याशी बोलतच नाय! काय केलंत तुम्ही माझ्या पोराला? फोन कानाला लावला तर नुसती मान हलवतो म्हणे. थांब, कॉल जोडते, त्या बाईंशी बोल."

दुसऱ्या बाजूला एक अनोळखी बाई होत्या. "हॅलो, मी एव्हरशाईनच्या इमारतींत राहते, आम्ही फिरायला आलो होतो. हा एकटाच वाळूत बसला होता, हातात फूल. सगळे विचारून थकले. एक जण तर पोलिसांना देतो म्हणून ओरडला, तरी हा ओठ घट्ट मिटून. माझ्या भावाला ऐकू येत नाही, बोलताही येत नाही. त्याच्या खिशात कायम छोटी वही असते. तो काही न विचारता याच्या शेजारी जाऊन बसला. मग वहीत लिहून दाखवलं, 'मी पण बोलत नाही.' आणि यानं ती वही त्याच्या हातातून ओढूनच घेतली हो! 'वाट चुकलो' लिहिलं, आईचा नंबर लिहिला, शाळेचं नाव लिहिलं. घरी नेऊ का विचारलं तर लिहितोय, 'दादाला विचारा.' तो दादा म्हणजे तुम्हीच का?"

मी म्हटलं, "हो. त्याला फोन द्या."

पलीकडे लाटांचा आवाज आणि त्याचा श्वास ऐकू येत होता.

"रायन, मी दादा बोलतोय. घंटा झाली. कधीच झाली. मौन संपलं, आता तू बोल."

 मग बारीक आवाज आला, "खरंच झाली?"

"खरंच झाली."

"दादा, मी आईशी पण नाय बोललो," तो म्हणाला, आणि मग इतक्या मोठ्याने रडायला लागला की त्याची आई फोनवर रडायची थांबली आणि त्याला समजवायला लागली.

मी उठून उभा राहिलो. ते गृहस्थ अजून बांबू घेऊन पलीकडच्या कोपऱ्यात होते, पाठमोरे. एवढाच कोपरा तपासायचा उरला होता.

"काका," मी हाक मारली, "बाहेर या. सापडला. जिवंत आहे."

ते वळले नाहीत लगेच. बांबूवर दोन्ही हात ठेवून, मान खाली घालून तसेच उभे राहिले. मग ओंजळीत पाणी घेतलं, तोंड धुतलं आणि म्हणाले, "बरा झाला. आता तू पन घरी जा, पोरा. काहीतरी खाऊन घे."