पाटकरी वेन्डेलचं स्वतःचं दार

कोलोरॅडोतल्या आमच्या खोऱ्यात डोंगरावरच्या तळ्यांचं पाणी पाटानं खाली येतं, आणि वाटेतले गुरंवाले एकमेकांना चोर समजत ते कुरणात घेतात. वेन्डेल अपशॉ एकोणीस वर्षं या पाटाचा पाटकरी. पाटावरच्या, चाक फिरवून उचलायच्या प्रत्येक दाराला त्याची साखळी, त्याचंच कुलूप. पाणी चोरलं की तीन आठवडे दार बंद, हा नियमही त्याचाच. स्वतःचं दार तेवढं मोकळं. पाटकऱ्याच्या दाराला कुलूप कशाला?

त्या जुलैत पाटाच्या शेपटाला रेथा ओडमच्या कुरणात पाणी पोचेना. दुसऱ्या कापणीचं गवत पिवळं पडलं. ते गेलं तर हिवाळ्यात तिच्या साठ गाई काय बर्फ चघळणार?

"वेन्डेल, पाटकरी आहेस की बुजगावणं?" टपालाच्या रांगेत तिनं सगळ्यांदेखत विचारलं. "शनिवारी पाटवाल्यांच्या बैठकीत मी नवा पाटकरी मागणार आहे."

"त्याआधी चोर पकडतो. नाही पकडला तर हे गमबूट तुझे."

"शी! आधी धुऊन आण."

वेन्डेल दोन दिवस वाळुंजाच्या झुडपात दबा धरून बसला. डासांनी त्याला यथेच्छ खाल्लं. तिसऱ्या दुपारी त्याचीच लाडकी गाय, डचेस, डुलत आली. तिनं त्याच्या मोकळ्या दाराच्या चाकाला ढुंगण टेकवलं आणि डोळे मिटून खाजवून घेतलं. चाक फिरलं, दार उचललं गेलं, रेथाचं पाणी वेन्डेलच्या कुरणात शिरलं. यंदा आपलं गवत कमरेएवढं का वाढलं, ते त्याला तेव्हा कळलं. तोवर तो सगळं श्रेय शेणखताला देत होता.

बघायला कुणी नव्हतं. बीव्हरनं बांध घातला म्हणता आलं असतं. बीव्हर काही बैठकीला येत नाहीत.

शनिवारी तो उठला. "चोर सापडला. बाराशे पौंडांची आहे. माझ्याच गोठ्यातली."

हशा पिकला. रेथा तेवढी हसली नाही. "तीन आठवडे, वेन्डेल."

"कुलूप लावूनच आलोय." त्यानं किल्ली तिच्यापुढे ठेवली.

पाटकरी तोच राहिला. ते डास दुसऱ्या कुणाला हवे होते? रेथाचं गवत तगलं, त्याचं वाळलं. रोज सकाळी तो स्वतःच्या दारापाशी थांबून साखळी ओढून बघायचा. शेजारी डचेस न फिरणाऱ्या चाकाला घासत त्याच्यावर हंबरायची.