नाखविणीचा एसी

भर पावसात, अंगावरची साडी ओली, मागे बसलेल्या बायका कुडकुडतायत, आणि नाखवीण जीप सुरू करून पहिलं काम करायची ते एसी लावायचं. कुणी नवखा पॅसेंजर असला तर हमखास म्हणायचा, "ओ ताई, चुकून एसी लागला बघा." नाखवीण आरशातून त्याच्याकडे बघायची. "चुकून नाय, मुद्दाम लावलाय. गारठून घरी जा, पण घरी जा." मग तो माणूस उतरेपर्यंत छत्री पोटाशी धरून बसायचा.

डहाणूहून उधव्यामार्गे तलासरीला जाणाऱ्या काळ्या-पिवळ्या जिपांपैकी एक ती चालवायची. मूळची वाढवणची. नवरा मासेमारीच्या बोटीवर तांडेल, बोट हाकणारा. स्टँडवरच्या पुरुषांनी तिला चिडवायला नाखवीण म्हणायला सुरुवात केली, तर तिने ते नाव पेंटरकडून पुढच्या बंपरवरच रंगवून घेतलं. मग चिडवायला काही उरलं नाही. काचेवर मात्र नाव नाही. काचेवर ती देवाचं स्टिकरसुद्धा लावू द्यायची नाही. "देवाला डॅशबोर्डवर बसवलाय, त्यालापण पुढचं दिसू दे की!" जीप तिची नव्हती, स्टेशनजवळच्या एका शेठची होती. त्याने ती मुंबईच्या कुणाकडून तरी जुनी घेतलेली, म्हणून तिच्यात एसी होता. बाकीच्या जिपांत खिडक्या होत्या, तेवढंच.

पावसाळ्यात मासळीवाल्यांबरोबर ज्यांनी प्रवास केला असेल त्यांना वेगळं सांगायला नको. बर्फ घातलेले टब, टबांवर ओली गोणपाटं, ओल्या साड्या, ओल्या छत्र्या, खिडक्या बंद, आणि दाटीवाटीने बसलेल्या बायका एकाच वेळी बोलणाऱ्या. गाडी गावाबाहेर पडेपर्यंत पुढची काच दुधासारखी पांढरी. बाकीचे ड्रायव्हर एका हातात स्टिअरिंग आणि दुसऱ्या हातात फडकं घेऊन चालवायचे. कुणी वर्तमानपत्राचा बोळा फिरवायचा, कुणी काचेला तंबाखू चोळायचा, कुणी साबण. पुसलेल्या थाळीएवढ्या भागातून जेवढा रस्ता दिसेल तेवढा. नाखविणीच्या गाडीत फडकं नव्हतंच; एसी आतली ओल ओढून घ्यायचा आणि काच साफ राहायची. "फडकं हातात घेतलं की एक हात गेला. आणि पुसून किती पुसशील? बायका श्वास घ्यायच्या थांबतात काय?"

मी तिच्या शेजारच्या सीटवर बसायची. एसीचा झोत तिथे येतो म्हणून ती जागा कुणाला नको असायची, आणि मला जागा मागायची हिंमत नसायची, म्हणून ती माझी झाली. मी कैनाडची. आश्रमशाळेतून आठवीच्या दिवाळीला घरी आले ती परत गेलेच नाही. तलासरीजवळच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागले होते. रोज फाट्यापर्यंत चालत यायचं आणि जीपची वाट बघायची. मला सगळ्याचीच भीती वाटायची. उशीर होईल, सुपरवायझर ओरडेल, गाडी उलटेल. मी डॅशबोर्डची कड दोन्ही हातांनी धरून बसायची. पहिल्या आठवड्यात नाखविणीने विचारलं, "काय गो, गाडी तू धरून ठेवलीस काय? सोड. मी धरलीय."

काच भुरकट झाली की ती मला म्हणायची, "बोट लाव. घाम आतला का बाहेरचा?" मी काचेला बोट लावायची. रेघ उमटली तर आतला. मग ती बटणं फिरवायची: झोत काचेकडे, आतलीच हवा फिरवणारी कळ बंद, बाहेरची हवा आत. एखाद्या वेळी रेघ उमटायचीच नाही. समुद्राच्या बाजूला हवा दमट आणि गरम, आणि एसीने काच गार पडलेली, म्हणजे घाम बाहेरून. तेव्हा ती गारवा कमी करायची आणि वायपर एकदा फिरवायची. "आधी बघायचं कुठल्या बाजूचा हाय. लोक बाहेरचा घाम आतून पुसत बसतात आणि म्हणतात, काच खराब." पुढे माझं कुठलंही रडगाणं ऐकून ती हेच विचारायला लागली. सुपरवायझर ओरडला, रडले. "बोट लाव. आतलं का बाहेरचं?" कधी कधी मला राग यायचा. मला नुसतं रडायचं असायचं.

एसीवरून भांडण रोजचं होतं. एक म्हातारी मासळीवाली, तिला सगळे आयो म्हणायचे, ती तर शिव्याच द्यायची. "मेले माझे बर्फाचे टब कमी हायत काय? मलाच बर्फात घातलीस!" नाखवीण तिला उधव्याला गाडीखाली बघायला लावायची. एसीचं पाणी टपटप रस्त्यावर पडत असायचं. "हे बघ आयो, तुझी बडबड. काचेवर बसली होती, मी खाली सांडली." आयो त्या थारोळ्याकडे बघून म्हणायची, "एवढीच? म्हणजे आज मी कमीच बोलले." सगळ्या हसायच्या. दुसऱ्या दिवशी परत शिव्या.

गाडी चालवायला तिनेच मला शिकवलं. सुट्टीच्या दिवशी, ओहोटीच्या वेळी, बोर्डीच्या किनाऱ्यावर. "ओल्या वाळूवर ठेव. कोरड्यात गेलीस तर रुतशील, आणि शेठला कळलं तर मी रुतेन." मी क्लच सोडायला इतकी घाबरायची की गाडी बकरीसारखी उड्या मारायची. ती हसायची नाही. "भीती वाटते ना? वाटू दे. भ्यालेलं माणूस पुढे बघतं." लहानपणापासून मला सगळे सांगत आले होते, घाबरू नको. घाबरून चाललं तरी चालेल असं सांगणारी ती पहिली.

शेठ वाईट नव्हता. पण पावसाळा लागला की त्याला गाडीचं ॲव्हरेज आठवायचं. "अरे बेन, पावसात एसी? पेट्रोल पंप माझा हाय काय?" ती म्हणायची, "शेठ, तू एक दिवस मागे आयोजवळ बस, मग सांग." दोन पावसाळे असे तोंडातोंडी गेले. तिसऱ्यात शेठने तिला न सांगता गॅरेजवाल्याकडून एसी फिरवणारा इंजिनावरचा पट्टाच काढून घेतला.

आम्हाला ते कळलं रस्त्यात. उधव्याच्या अलीकडच्या चढावर पाऊस असा कोसळत होता की वायपर दमले. नाखविणीने बटण दाबलं, दिवा लागला, पण गार वारा काही येईना. तिने परत दाबलं. मग गाडी बाजूला घेऊन थांबवली आणि हॅन्डब्रेक ओढला.

"काय झालं?"

"दिसत नाय."

मागे एकच गलका झाला. बाजार भरला असेल, मासळीचं पाणी होतंय, पूस की हाताने! मलाही कारखान्याची वेळ दिसत होती. नाखवीण वळून म्हणाली, "माझा नवरा दर्यात असतो. धुकं आलं, पुढचं दिसेना, तर ते नांगर टाकतात. थांबतात. आणि रस्त्यावर तुम्ही म्हणता, हॉर्न वाजव आणि चल! दिसत नसेल तर मी गाडी हलवणार नाय."

मागून दुसरी जीप आली. ड्रायव्हरने फडकं मारत काच खाली केली. "काय नाखवीण, बोट रुतली? चला गो बायांनो, मी नेतो." बायका टब घेऊन उतरल्या. आयोसुद्धा उतरली, आणि उतरताना म्हणाली, "आता घे तुझा एसी." मी राहिले. धैर्य म्हणून नाही. भर पावसात उतरायची भीती वाटली, एवढंच.

तिने हीटर पूर्ण सोडला, चारही खिडक्या बोटभर उघडल्या. आत भट्टी, बाहेरून पाऊस. आम्ही दोघी भिजत घामाघूम होऊन बसलो, आणि काच खालच्या कडेकडून वर हळूहळू साफ होत गेली, मग रस्ता दिसायला लागला. तेव्हा तिने गियर टाकला.

ती दुसरी जीप सुखरूप पोचली होती. बायकांची मासळी विकली गेली. स्टँडवर आठवडाभर हसू चाललं. मी तिला घाबरत विचारलं, "मावशी, काहीच तर झालं नाही त्यांना." ती म्हणाली, "रोज काय होत नाय गो. म्हणून तर आंधळी चालवायची सवय लागते."

गाडी थांबवली त्याच संध्याकाळी तिने शेठच्या दुकानात चावी ठेवली. "पट्टा लाव, नायतर ही घे." शेठने तिला उद्यापर्यंत विचार करायला सांगितलं. तिने चावी काउंटरवरून त्याच्याकडे सरकवली आणि निघून आली. दुसऱ्या दिवशी त्या गाडीवर दुसरा ड्रायव्हर होता, आणि त्याच्या हातात फडकं.

घरी बसणारी ती नव्हती. सुकी मासळी विकायला लागली आणि त्याच जिपांतून पॅसेंजर म्हणून फिरायला लागली. ड्रायव्हरांना वाटलं, बरं झालं, जिरली. पण ती चढायच्या आधी दारातून हात घालून काचेला आतून बोट लावायची. रेघ उमटली की उभी राहायची. "पुसलीस? एसी हाय काय? नाय? मग जा, मी मागच्याने येते." मागचाही तसाच. ती पावसात छत्री धरून तासभर नाक्यावर उभी असायची. आम्हाला लाज वाटायची, तिला अजिबात वाटायची नाही. हळूहळू झालं काय, की बाकीच्या बायकाही चढताना काचेकडे बघायला लागल्या. एकदा आयोने एका ड्रायव्हरच्या काचेला बोट लावलं, रेघेकडे बघितलं आणि आपला टब परत खाली ठेवला. नाखविणीकडे न बघता म्हणाली, "माझे पाय दुखतात, मी जरा उभी राहते."

दिवाळीला शेठचा निरोप आला: पाऊस संपला, भांडण संपलं, ये. तिने उलट निरोप धाडला, "पाऊस पुढच्या वर्षी परत येणार हाय. पट्टा लावला काय?" लावला नव्हता. ती गेली नाही.

पुढच्या जूनमध्ये एका सकाळी मी फाट्यावरून जीपने येऊन तलासरीच्या नाक्यावर उतरले, तर समोर तीच काळी-पिवळी उभी. बॉनेट वर उचललेलं, आणि बाजूला शेठ स्वतः, एका हाताने छत्री इंजिनावर धरून. नाखवीण सुक्या बोंबलांची टोपली खाली ठेवून गेली, वाकली, पट्ट्यावर बोट दाबून बघितलं.

"सैल हाय," ती म्हणाली. "घट्ट करून आण."

"बेन, आता तरी..."

"घट्ट करून आण, शेठ."

शेठ गेला आणि घट्ट करून आला. मग तिने चावी घेतली. त्या दिवशी आयोने तिला पहिली शिवी दिली तेव्हा नाखवीण आरशात बघून इतकी हसली की डोळे पुसायला पदर घ्यावा लागला.

त्यानंतर आमच्याकडे मोठमोठ्या रस्त्यांची कामं निघाली. एका कंपनीला बायका ड्रायव्हर हव्या होत्या. माझ्याकडे लायसन होतं, पण अर्ज करायची हिंमत नव्हती. नाखवीण मला त्यांच्या ऑफिसच्या दारात सोडून गेली, आणि गेली म्हणजे गेलीच, परत यायला गाडी ठेवली नाही. ती स्वतः वाढवणला होऊ घातलेल्या बंदराच्या विरोधातल्या प्रत्येक मोर्चाला जाणारी. मी कंपनीत लागते म्हणून टोमणा मारेल असं वाटलं होतं. एवढंच म्हणाली, "पगार कंपनीचा घे. डोळे आपले ठेव."

त्या कामावरून कंपनीने मला इकडे सिक्कीमला पाठवलं, बोगद्याच्या साइटवर. मी इंजिनिअर साहेबांना वरखाली नेते. इथे ढग रस्त्यावरच बसतो आणि काच क्षणात पांढरी होते. मी गार आणि गरम दोन्ही एकदम लावते. तिनेच सांगितलेलं, "भांडू दे त्यांना आपसात, काच साफ होईल." साहेब लोक कुरकुरतात. गाड्यांचा हिशेब बघणारा एकदा म्हणाला, थंडीत एसी चालणार नाही, कंपनीचा नियम आहे. चावी मुठीत घट्ट धरून मी म्हटलं, "दिसत नसेल तर मी गाडी हलवणार नाही, सर." चावी अजून माझ्याकडे आहे. उद्या असेल का, माहीत नाही.

गेल्या आठवड्यात तिला फोन केला. वळणावर गाडी बाजूला घेतली होती, मागे दोन साहेब बसलेले. तिने आधी विचारलं, "चालवताना बोलत नायस ना?" मग सहज सांगितल्यासारखं सांगितलं की चावी शेठला देऊन आली.

"परत पट्टा काढला त्याने?"

"नाय गो. पट्टा एकदम घट्ट हाय. समोरच्या गाडीचे दिवे फाटून दिसायला लागले. काचेला बोट लावलं, रेघच नाय. आतून नाय, बाहेरून नाय. मग डोळा दाखवला. मोतीबिंदू."

ती म्हणाली, "कुणी मागितली नव्हती हां चावी. शेठ तर म्हणत होता, दिवसाउजेडी चालव थोडी. मीच सांगितलं, दिसत नसेल तर हलवणार नाय. ऑपरेशन झालं की परत घेणार. त्याला सांगून आलेय, तोपर्यंत पट्ट्याला हात लावशील तर बघ." मग थांबून म्हणाली, "रडतेस काय?"

"नाही."

"तिकडे पाऊस हाय?"

"आहे."

"काच?"

मी बोट लावलं. "साफ आहे, मावशी."

"मग फोन ठेव आणि चालव."

मी फोन ठेवला. मागून एक साहेब म्हणाले, "मॅडम, ठंड बहुत है, एसी बंद कर दो ना." मी आरशातून त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली, आणि मी गियर टाकला.